बटव्यावर नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, बाळगुटी आपल्यापैकी बहुतेकींनी उगाळली असेल, निदान उगाळताना पाहिली तरी असेल. सहाणेवर थोडं दूध, त्यात बाळहिरड्याचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, मुरुडशेंगेचा एक आणि वेखंडाचा मात्र अर्धाच. माझ्या सासूबाई वेखंडापाशी आल्या की बोलणं थांबवायच्या. मोजण्यात चूक नको म्हणून! (पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका, गुटीसुद्धा नको, असं डॉक्टर आता सांगतात, आणि मीही वस्तीवर तेच सांगते.) पण माझा प्रश्न वेगळा आहे. हिरडा दोन वेढे आणि वेखंड अर्धाच, हे पहिल्यांदा ठरवलं कुणी?

मुरुडशेंगेचं सोपं उत्तर लोक देतात. ती आतड्यासारखी पिळलेली दिसते, म्हणून पोटातल्या मुरड्यावर दिली. युरोपातही अशीच समजूत होती, अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो डोक्यासाठी चांगला. मला हे पटत नाही. दिसण्यावरून औषध ठरवायचं तर निम्मी औषधं चुकायचीच. मला वाटतं गुण आधी कळला असावा आणि पिळाची गोष्ट मागून जोडली असावी, लेकीच्या लक्षात राहावी म्हणून. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईकडे दुसरी वही कुठली?

टांझानियात महाले पर्वतरांगेत १९८७ साली मायकेल हफमन या संशोधकाला एक आजारी चिंपांझी मादी दिसली. ती एका कडू झुडपाची साल सोलून आतला गर चघळत होती. एरवी चिंपांझी त्या झुडपाच्या फारसे वाटेला जात नाहीत. तिथले टोंगवे लोकही पोटाच्या तक्रारीवर तेच झाड वापरतात. म्हणजे जनावरांकडे बघून बघून माणूस काही शिकलाच असेल. चिनी दंतकथेत हे श्रेय शेन्नोंग नावाच्या सम्राटाला दिलंय. तो म्हणे वनस्पती चाखताना दिवसातून सत्तर वेळा विषबाधा होऊनही वाचायचा. सम्राटाचं ठीक आहे हो! पण दुष्काळात लेकरांसाठी कंदमुळं उकरणारी, आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघणारी बाई प्रत्येक वेळी वाचली असेल का? आपण आज जी यादी पाठ म्हणतो, तिच्यात अशा किती जणींचे जीव गेले असतील, कोण जाणे.

आपल्या चरकसंहितेत निदान प्रामाणिकपणा आहे. वनौषधींची नावं आणि रूपं गुराखी, मेंढपाळ आणि रानात राहणारे लोक जाणतात, असं तिथे सांगितलंय. आणि नुसतं नाव-रूप कळून भागत नाही, कुणाला, कुठे, केव्हा द्यायचं ते कळलं पाहिजे, हेही तिथेच म्हटलंय.

एक गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग नावाचे डॉक्टर होते. अंगात पाणी साठून सूज येण्याच्या विकारावर श्रॉपशायर भागातली एक म्हातारी औषध द्यायची. डॉक्टरांनी हात टेकलेले काही रोगीही तिच्या औषधाने बरे व्हायचे. १७७५ साली ती कृती विदरिंगांपुढे मतासाठी आली. त्यात वीसेक वनस्पती होत्या. खरं काम त्यातली फॉक्सग्लोव्ह ही एकच करते, हे त्यांनी ओळखलं. मग दहा वर्षं त्यांनी रोगी तपासले आणि १७८५ साली पुस्तक छापलं. दीडशेहून अधिक रोग्यांच्या नोंदी केल्या. कोण बरं झालं ते लिहिलं, कुणाला उलट्या झाल्या, कोण दगावलं, तेही लपवलं नाही. कारण हे पान मात्रा चुकली तर जीव घेतं. याच जातीच्या झाडापासून मिळणारं डिगॉक्सिन हृदयाच्या काही विकारांत आजही देतात, तेही फार जपून.

विदरिंगांच्या स्मारकावर फॉक्सग्लोव्हचं फूल कोरलंय. म्हातारीचं नाव मात्र त्यांच्या पुस्तकातही नाही. पुढे १९२८ साली एका औषध कंपनीच्या जाहिरातीत तिला ‘मदर हटन’ असं नाव चिकटवलं गेलं, आणि पुढे कित्येक लेखकांनी ते खरं म्हणून उतरवून घेतलं. बाईला नाव मिळालं, तेही दीडशे वर्षांनी आणि खोटं.

हे वाचताना मला राग आला, आणि मग शरमही वाटली. कारण आमच्या महिला मंडळाने काही वर्षांपूर्वी ‘आजीबाईचा बटवा’ छापला होता. त्यातली निम्म्याहून अधिक औषधं वाडीतल्या एका सुईण मावशींनी सांगितलेली. त्या बोलत होत्या, मी उतरवून घेत होते. पुस्तिकेवर अध्यक्षांचं नाव, देणगीदारांची नावं, संकलक म्हणून माझं. मावशींना प्रत द्यायला गेले तेव्हा नातीने त्यांना पानन् पान वाचून दाखवलं. सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, “माझं नाव कुटं आलंय गं?” मी काहीतरी पुटपुटले. जागा नव्हती, असंच काहीसं.

जागेच्याच नावाखाली आम्ही आणखी एक गाळलं होतं. मावशी प्रत्येक औषधाबरोबर ‘कधी देऊ नये’ तेही सांगायच्या. डोळे पिवळे दिसले तर माझ्याकडं आणू नका, सरळ दवाखान्यात न्या. वेखंड अर्ध्या वेढ्यापुढं नाही. आम्ही छापलं, ‘वेखंड उगाळून द्यावे’. सहा महिन्यांनी एक तरुण आई पुस्तिका हातात घेऊन माझ्या दारात उभी. बाळ रात्रभर ओकत होतं, दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. बाळ वाचलं. पण ती मला एवढंच म्हणाली, “यात लिहिलंय तसंच केलं हो, ताई.”

म्हणून आजीच्या बटव्याचं नुसतं कौतुक करणाऱ्यांचं आणि त्याला अडाणीपणा म्हणून झटकणाऱ्यांचं, दोघांचंही मला पटत नाही. दोघांनीही त्या म्हातारीचं अर्धंच ऐकलेलं असतं.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या गावची झाडं-झुडपं आणि त्यांचे उपयोग तिच्यात लिहायचे. आमच्याकडे त्यासाठी बैठक झाली तेव्हा पुढच्या खुर्च्यांवर सगळे पुरुष, आणि जाणकार म्हणून नावं आली तीही पुरुषांचीच. सुईणी, रानभाज्या विकणाऱ्या, मोळीवाल्या मागे सतरंजीवर. माझं मत मी तिथेच उठून मांडलं. सांगणारीचं नाव लिहिल्याशिवाय एकही नोंद करू नका, आणि ‘कधी देऊ नये’ यासाठी वेगळी ओळ ठेवा. तुमच्या गावात बैठक लागली तर तुम्हीही जा आणि हेच मागा. बोलावणं आलं नाही तरी जा.

मावशी आता नाहीत. त्यांच्या नोंदी करायला मी त्यांच्या घरी गेले. कागदावर ‘माहिती देणारी व्यक्ती’ लिहिलं आणि पेन थांबलं. वीस वर्षं मी त्यांना मावशीच म्हणत आले होते. पूर्ण नाव मलाच ठाऊक नव्हतं. सुनेने आतून रेशनकार्ड आणून दिलं, त्यावरून उतरवून घेतलं.