मोटारीचा जॅक घेतांना

येथें विठ्ठलवाडीस आतां पुष्कळ घरीं मोटार आली आहे, आणि चाक स्वतः काढूं पाहणारे तरुण "जॅक किती टनी घ्यावा?" असें विचारतात. हजार-बाराशें किलोंच्या मोटारीस चाकांवरचा २ टनी जॅक पुरे. टिकाऊपणा टनांत नसून तेल अडविणाऱ्या रबरी सीलांत असतो. कोंडलेल्या तेलावरील दाब सर्व बाजूंस सारखाच पोंचतो, हा पास्कलचा नियम. सील झिजलें कीं तेल निसटतें आणि जॅक बसतो. म्हणून सुटीं सीलें मिळतात काय, हें आधीं विचारावें. तेलहि जॅकचेंच घालावें. ब्रेकचें तेल बहुधा रबरास फुगवितें.

मोटार वर जातांना जॅकचा दांडा कमान घेतो, त्यामुळें जॅक थोडा सरकावाच लागतो. मातींत वा ठोकळ्यांच्या फटींत त्याचें चाक अडलें तर मोटार निसटते. सपाट कोबा पाहावा.

उद्धरण आणि धारण हे संस्कृतांत दोन शब्द आहेत. येथें कामेंहि दोनच. जॅकनें उचलावें, धारण लोखंडी घोडीनें करावें. नुसत्या जॅकच्या भरंवशावर मोटारीखालीं कोणींहि शिरूं नये, मग तो कितीहि महाग असो.

आमच्याकडील दमट हवेंत उघडा राहिलेला दट्ट्या गंजतो व तो गंज सील कापतो. काम होतांच जॅक पूर्ण खालीं बसवून फळीवर ठेवावा. २००५ च्या जुलैंत वालधुनीचें पाणी ज्यांनीं घरांत पाहिलें, त्यांस ती फळी किती उंच असावी हें सांगावयास नको.