बदकपिल्लांची सर्दी : औषधापूर्वी गादी पाहावी

यवतमाळ हा कापसाचा, सोयाबीनचा व तुरीचा जिल्हा होय. बदकपालन हा येथील मोठा व्यवसाय नाही. तथापि पैनगंगा, पूस व अरुणावती ह्या नद्यांच्या काठची गावे, बेंबळा प्रकल्पाचा परिसर आणि २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ ह्या योजनेनंतर खोदली गेलेली तळी लक्षात घेता, दहा-वीस बदके बाळगणे हा अनेक कुटुंबांना पेलण्याजोगा जोडधंदा आहे. अंड्यांचा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती येतो, हाही त्याचा एक मोठा गुण. अडचण येते ती आरंभीच. आणलेल्या पिल्लांपैकी काहींची नाके दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चोंदतात, ती शिंकू लागतात, चोच उघडी ठेवून श्वास घेतात आणि निम्मी मरून जातात. पहिला कळप असा गेला की दुसरा सहसा आणला जात नाही.

‘बदक हा काटक पक्षी आहे, त्याला रोग होत नाही,’ असे सर्रास सांगितले जाते. मोठ्या बदकापुरते हे पुष्कळ अंशी खरे आहे. पहिल्या चार आठवड्यांच्या पिल्लाला मात्र ते मुळीच लागू पडत नाही. ह्या वाक्यावर विसंबून पिल्ले पहिल्याच दिवशी तळ्यात सोडली जातात. बदकीखाली निघालेल्या पिल्लाच्या लवेला आईच्या पिसांचे तेल लागते व त्यामुळे ते पाण्यात भिजत नाही. आपल्याकडे बदकाची अंडी बहुधा खुडूक कोंबडीखाली बसवतात, किंवा यंत्रात उबवलेली पिल्ले विकत आणतात. अशा पिल्लाला ते तेल मिळत नाही. ते भिजते, गारठते, आणि मग त्याच्या नाकातून पाणी वाहू लागते. तोवर मालकाची समजूत अशी की, पाण्याचा पक्षी, त्याला पाण्याने काय व्हायचे आहे.

ह्याहून मोठे कारण पिल्लांच्या पायाखाली असते. भाताचे तूस ह्या भागात सहजी मिळत नाही. म्हणून खुराड्यात किंवा डालीखाली सोयाबीनचे कुटार पसरले जाते. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी होते. त्या वेळी परतीचा पाऊस आला तर कुटाराचा ढीग भिजतो, वरून प्लास्टिकचा कागद झाकला की आतल्या आत तापतो आणि बुरशी धरतो. वरचा थर वाळलेला दिसतो, म्हणून ते घरात येते. हात घालताच जी राखाडी-हिरवी धूळ उडते, ती बुरशीच्या बीजाणूंची असते. माणसाला एखादी शिंक येते; वीतभरही उंच नसलेले पिल्लू मात्र रात्रंदिवस त्याच धुळीत श्वास घेते. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेले हवेचे कोश असतात व ते पोटापर्यंत पसरलेले असतात. बुरशी तेथवर पोचली की तेथेच वाढते. असे मेलेले पिल्लू उघडून पाहिले तर फुप्फुसांवर व कोशांवर पिवळसर-पांढऱ्या गाठी दिसतात. पशुवैद्यकात ह्या रोगाला ‘ॲस्परजिलोसिस’ म्हणतात. त्यावर कळपाला देण्याजोगे खात्रीचे औषध नाही, आणि जिवाणूंवरील प्रतिजैविकाने तर बुरशीचे काहीच बिघडत नाही. हा रोग एका पिल्लाकडून दुसऱ्याकडे जात नाही. सर्व पिल्ले एकाच कुटारावर बसलेली असतात, म्हणून ती एकाच वेळी आजारी पडतात, आणि पाहणाऱ्याला मात्र ही साथ वाटते.

तिसरे कारण ओलाव्याचे. बदकाची विष्ठा पातळ असते आणि पिल्लू पिते त्याहून अधिक पाणी सांडते. दोन दिवसांत गादी चिखल होते व तिच्यातून अमोनिया वायू सुटतो. उभ्या माणसाला तो जाणवत नाही. म्हणून कार्यकर्त्याने खुराड्यापाशी उकिडवे बसून आपले तोंड पिल्लाच्या उंचीवर न्यावे आणि चार श्वास घ्यावेत. डोळे चुरचुरले तर रोगाचा अर्धा शोध लागला असे समजावे. ह्या परीक्षेस पैसा लागत नाही, उपकरण लागत नाही; फक्त गुडघे वाकवावे लागतात, आणि कदाचित म्हणूनच ती क्वचित केली जाते.

ह्या सर्वांत भर पडते ती घराच्या रचनेची. पोडावरील किंवा तांड्यावरील लहान घरात पिल्लांना ऊब मिळावी म्हणून त्यांना चुलीजवळ ठेवतात. चुलीत पऱ्हाटी जळत असते, तिचा धूर जमिनीलगत पसरतो. हंगामात त्याच खोलीत वेचलेला कापूस भरलेला असतो, त्याची तूस हवेत तरंगते. कोपऱ्यात फवारणीचा पंप आणि औषधांच्या बाटल्याही असतात. २०१७ च्या खरिपात ह्याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजूर यांना विषबाधा झाली व त्यांतील काहींचे प्राण गेले, ही घटना कोणी विसरलेले नाही. माणसाच्या श्वासाला जे सोसत नाही ते पिल्लाला कसे सोसावे? काही कीटकनाशकांच्या विषबाधेत पक्ष्याच्या घशात व नाकात चिकट स्राव दाटतो आणि ती हुबेहूब सर्दीच वाटते. पंप धुतलेल्या बादलीत पिल्लांना पाणी ठेवले होते काय, हा प्रश्न विचारल्यावाचून कोणतेही निदान पुरे मानू नये.

इतके असूनही प्रत्यक्षात घडते ते असे. पिल्लू शिंकले की मालक तालुक्याच्या गावी जाऊन कोंबड्यांच्या औषधाची पुडी आणतो व ती पाण्यात मिसळतो. ही रीत तीन प्रकारे चुकीची आहे. एक तर रोग बुरशीचा, अमोनियाचा वा धुराचा असेल तर पुडीचा उपयोग शून्य. दुसरे असे की, पुडीवरील प्रमाण कोंबडीच्या पिण्यावरून ठरवलेले असते. बदकाचे पिल्लू त्या पाण्यात चोच घुसळते, अर्धे सांडते, आणि त्याच्या पोटात किती गेले हे कोणालाच सांगता येत नाही. तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रतिजैविकांच्या अशा वापराने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढे तीच औषधे माणसालाही उपयोगी पडत नाहीत. ह्याच भयाने भारत सरकारने २०१९ साली कोलिस्टिन ह्या औषधाचा खाद्य-पशुपक्ष्यांतील वापर बंद केला.

ह्यावर कार्यकर्त्यांचे एक म्हणणे असते व ते टाकाऊ नाही. गावात गेल्यावर शेतकरी औषध मागतो; ‘गादी बदला’ एवढेच सांगून परतलेल्या माणसाला तो पुन्हा बोलावत नाही. शिवाय काही रोग खरोखरच जिवाणूंचे असतात व तेथे उशीर म्हणजे मृत्यू. हे दोन्ही मान्य केले पाहिजे. एक ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत एक जिवाणूजन्य रोग येतो. त्यात डोळ्या-नाकातून स्राव येतो, विष्ठा हिरवट होते, मान व डोके थरथरते, आणि शेवटी पिल्लू उताणे पडून पाय मारू लागते. तेथे पशुवैद्याने वेळीच दिलेल्या योग्य औषधाने उरलेली पिल्ले वाचू शकतात. परंतु ते औषध कोणते व किती, हे पशुवैद्याने ठरवावयाचे आहे, दुकानदाराने नव्हे. कार्यकर्त्याचे काम औषध देण्याचे नसून वर्गवारी करण्याचे आहे, आणि ते काम कमी प्रतीचे समजण्याचे कारण नाही.

वर्गवारी करताना ऋतू विसरू नये. मे महिन्याच्या दुपारी यवतमाळच्या उन्हात पिल्लाने चोच उघडून धापा टाकल्या तर तो उष्म्याचा परिणाम होय. सावली, वारा व गार पाणी मिळताच ते सावरते. नाक कोरडे, पण श्वास जड आणि आवाज नाही, अशी अनेक पिल्ले एकदम आढळली तर संशय बुरशीवर घ्यावा. डोळ्यात पाणी व गादीला उग्र वास असेल तर अमोनियावर. डोळ्याखालचा भाग फुगला, डोळ्यात चिकट पू साचला आणि पिल्लांना नुसत्या ज्वारीच्या कण्यांवर वाढवले असेल, तर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचाही विचार करावा. पांढऱ्या ज्वारीत ते जवळजवळ नसतेच. शेवग्याचा पाला बारीक चिरून घातला तर ही उणीव फुकटात भरून निघते, आणि शेवगा ह्या जिल्ह्यात दुर्मीळ नाही.

आजारी पिल्लाची शुश्रूषा साधी आहे, पण ती घाईची नाही. त्याला वेगळ्या खोक्यात ठेवावे. खाली पहिले काही दिवस धुतलेले कोरडे पोते अंथरावे व ते रोज बदलावे. पुढे सुताराकडील लाकडाचा कोरडा छिलका किंवा खणखणीत वाळलेला गव्हांडा चालतो. पहिल्या आठवड्यात ऊब २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावी, आणि दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी उतरवत चौथ्या आठवड्यात २४ अंशांवर आणावी. तापमापक नसल्यास पिल्लांकडेच पाहावे : ती एकमेकांवर चढत असतील तर थंडी आहे, दिव्यापासून दूर पळत असतील तर उष्मा. रात्री वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्या विषारी वायूने पिल्लेच काय, माणसेही दगावतात.

चोंदलेल्या नाकपुड्या चिमूटभर मीठ घातलेल्या कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ फडक्याने पुसाव्यात. निसर्गाने बदकाला ही सोय स्वतःच दिली आहे. ते चोच पाण्यात बुडवून नाक धुते. म्हणून पिण्याच्या भांड्यात ५ ते ७.५ सेंटीमीटर पाणी असावे. त्यात चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, पण पिल्लू आत शिरू नये म्हणून भांड्यावर जाळी किंवा मधोमध दगड ठेवावा. भांडे जाळीच्या चौकटीवर व चौकट उथळ खड्ड्यावर ठेवली तर सांडलेले पाणी खाली जाते आणि गादी कोरडी राहते. ह्या एका व्यवस्थेने जितकी पिल्ले वाचतील तितकी कोणत्याही पुडीने वाचणार नाहीत. कोरडे पीठ नाकपुड्यांत बसून घट्ट होते. यास्तव खाद्य ओलसर द्यावे, पण दोन-तीन तासांत उरलेले उचलावे, कारण ओल्या खाद्यालाही बुरशी येतेच. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले मेली व त्या लाटेत बदकांची पिल्लेही सापडली. ‘अफ्लाटॉक्सिन’ हे विष जगाला कळले ते तेव्हापासून. बदकाचे पिल्लू ह्या विषाला फारच हळवे असते. वास येणारी पेंड ‘बदकांना चालेल’ म्हणून ठेवण्याची सवय सोडली पाहिजे.

नाकात तेल सोडणे, कापूर-ओव्याची धुरी देणे, चोच फाकवून काढा ओतणे हे उपाय प्रेमापोटी केले जातात व त्यांनीच काही पिल्ले मरतात. ओतलेला द्रव श्वासनळीत उतरतो. पक्ष्याला माणसासारखा श्वासपटल नसतो. छाती हलली तरच त्याचा श्वास चालतो, म्हणून मुठीत घट्ट धरलेले पिल्लू गुदमरते.

पिल्ले कोणत्या महिन्यात वाटावीत, हाही प्रश्न ह्यात गुंतलेला आहे. जुलै-ऑगस्टात तळी भरतात, म्हणून तोच काळ सोयीचा मानण्याकडे कल असतो. वस्तुतः तो सर्वांत वाईट काळ होय, कारण त्या वेळी कोरडी गादी मिळणेच कठीण. फेब्रुवारीत आणलेली पिल्ले कोरड्या हवेत वाढतात, रात्री फार थंड नसतात, आणि खऱ्या उन्हाळ्यापूर्वी त्यांना पिसे येतात. तेव्हा पुष्कळ तळी आटू लागलेली असतात हे खरे. परंतु वाढत्या पिल्लाला तळ्याची गरज नसते, चोच बुडेल इतक्या पाण्याची असते. वाटपाच्या दिवशी पिल्लांबरोबर जाळीची एक चौकट आणि कोरड्या छिलक्याचे एक पोते दिले जावे. त्याचा खर्च मेलेल्या पिल्लांच्या किमतीपेक्षा खचितच कमी येईल.

एका-दोन दिवसांत बरीच पिल्ले वा मोठी बदके अकस्मात मेली, तर मात्र वरील सर्व विचार बाजूस ठेवून प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यास व ग्रामपंचायतीस कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी तोच रोग पुन्हा दिसला. बदके हा विषाणू कोणतेही लक्षण न दाखवता वाहू शकतात, म्हणून कोंबड्या व बदके एकत्र कोंडू नयेत. मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नयेत, नाल्यात वा तळ्यात फेकू नयेत, आणि मुलांना तेथे जाऊ देऊ नये. एखाद-दुसरेच पिल्लू मेले असेल तर ते दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, बर्फात ठेवून, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. सोबत खुराड्यातील मूठभर कुटार वेगळ्या पुडीत न्यावे.