पिवळ्या सोयाबीनचा फोटो काय सांगतो?

ऑगस्टमध्ये सोयाबीन पिवळं पडलं तर लातूर-नांदेडचा शेतकरी धास्तावतो. सप्टेंबरच्या अखेरीस पडलं तर विळ्याला धार लावतो. रंग तोच, अर्थ उलटा. हा फरक संगणकाला शिकवल्याशिवाय पिकांच्या फोटोंवरून निर्णय घेऊ नयेत.

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी आपल्याच वावरात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. हंगामागून हंगाम साठत गेलेला हा चित्रसंग्रह कोणाही तलाठ्याला नजरेखालून घालता येणार नाही. तो चाळायचा तर संगणकच हवा, आणि चाळण्याची सर्वांत स्वस्त खूण म्हणजे रंग.

पद्धत जुनी आहे. १९९१ मध्ये मायकेल स्वेन आणि डाना बॅलार्ड या संशोधकांनी चित्रात कोणत्या रंगाचे किती ठिपके आहेत, एवढ्याच हिशेबावर ६६ वस्तूंच्या संग्रहातून नेमकी वस्तू शोधून दाखवली. वस्तू फिरवली तरी हिशेब फारसा बदलत नाही, हे या पद्धतीचं बळ. पुढे आयबीएमच्या तंत्रावर रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयाची चित्रंही रंगावरून शोधता येऊ लागली.

पण ठिपके मोजताना ते कुठे आहेत, हे सुटून जातं. सोयाबीनच्या बाबतीत सगळं निदान तिथेच असतं. पांढऱ्या माशीने पसरवलेल्या पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची सरमिसळ दिसते. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं की कोवळी पानं पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पाणी साचलं की अख्खं झाड फिकं पडतं. तिन्ही फोटोंत पिवळ्या-हिरव्याची बेरीज जवळपास सारखी भरू शकते. फवारणी, खत किंवा चर खोदणं हे उपाय मात्र एकमेकांच्या जवळपासही नाहीत.

त्यात मोबाइलचा कॅमेरा उजेड पाहून रंग आपल्या मनाने सुधारतो. सकाळचं वावर आणि भर दुपारचं वावर फोटोत वेगळं दिसतं. कोपऱ्यात एक पांढरा कागद धरायला सांगितलं, तर त्याच्या आधाराने रंग पुन्हा जागेवर आणता येतील. खर्च जवळजवळ शून्य.

उपग्रहाने हा प्रश्न सुटेल, असं कुणाला वाटेल. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी साधारण ५ दिवसांनी त्याच शिवारावरून जाते, तिचा एक ठिपका १० मीटरचा असतो, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातही ती पिकाची हिरवळ जोखते. पण खरिपात वर ढग असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात पूर आला, तेव्हासारख्या दिवसांत रडारचा आधार घ्यावा लागतो, आणि रडारच्या चित्राला पिकाचा रंगच नसतो. ढग नसले तरी रंग फसवू शकतो. २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. अशा वावरात उरते काळी माती; न पेरलेल्या वावरातही तीच दिसते.

तरीही रंगाचा शोध टाकाऊ ठरत नाही. ऑगस्टमध्ये एखाद्या मंडळात पिवळे फोटो अचानक वाढले, तर कृषी सहायकाने आधी कोणत्या गावात जावं, हे त्यातून कळू शकतं. त्यासाठी प्रत्येक फोटोला पेरणीची तारीख आणि वाणाचं नाव जोडलेलं हवं. नमुनेही इथल्याच मातीतले हवेत. परभणीच्या कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ रोगनिदान करून देऊ शकतात, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातले विद्यार्थी फोटोंची वर्गवारी करू शकतात.

मदत किंवा विमा नाकारायचा असेल, तर मात्र रंगाचा कौल पुरेसा मानू नये. त्याआधी माणूस बांधावर जावा, पंचनामा व्हावा, आणि ज्या फोटोवरून शंका आली तो शेतकऱ्याला दाखवून त्याचं म्हणणं त्याच नोंदीत लिहून घ्यावं.