मोरीत वाहून जाणारे ‘शुद्धीकरण’

शहरी मध्यमवर्गीय घर पर्यावरणाविषयी पूर्वीपेक्षा जागरूक झाले आहे, असे म्हटले जाते. ते खोटे नाही. एलईडी दिवे घरोघरी लागले, फ्रीज घेताना ग्राहक ऊर्जा-तारांकन पाहू लागला. मात्र याच घराच्या ओट्यावर बसवलेले ‘आरओ’ जलशुद्धी यंत्र निराळीच कथा सांगते.

या यंत्रात पाणी दाबाखाली अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते. पलीकडे जाते ते पिण्याचे पाणी; उरलेले, क्षार सोबत घेऊन, बारीक नळीतून मोरीत जाते. साध्या घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटरच्या आसपास पाणी असे बाहेर पडू शकते. चौघांच्या कुटुंबाला पिण्या-स्वयंपाकाला रोज २० लिटर लागतात असे धरल्यास ६० लिटर वाया गेले. शंभर सदनिकांच्या संकुलात हा हिशेब रोज ६,००० लिटरवर, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरच्या निम्म्याहून अधिक पाण्यावर जातो.

पाणी खारे असेल तेथे हा खर्च समजण्यासारखा आहे. शहराच्या वेशीवर कूपनलिका व टँकरवर जगणाऱ्या नव्या वसाहतींना दुसरा पर्याय नसतो. परंतु भातसा-वैतरणेचे पाणी पिणारी मुंबई किंवा खडकवासल्याचे पाणी पिणारे पुणे यांची गोष्ट वेगळी. येथील पालिकेच्या पाण्यातील विद्राव्य क्षार, म्हणजे टीडीएस, भारतीय मानकाच्या लिटरला ५०० मिलिग्रॅम या स्वीकारार्ह मर्यादेच्या पुष्कळच खाली असतात. टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी ‘आरओ’वर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटले होते, ते यामुळेच. गच्चीवरील टाकी व जुनाट नळ यांतून जंतू शिरण्याची भीती अर्थातच खरी आहे; पण त्यासाठी पाणी उकळणे किंवा अतिनील किरणांचे यंत्र पुरते, आणि त्यात पाणी वाया जात नाही.

मग ‘आरओ’ खपते कसे? विक्रेता दोन पेल्यांत लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडतो. नळाचे पाणी तपकिरी होते, यंत्राचे तसेच राहते. गृहिणी हादरते. वास्तविक तो रंग कांडीच्या गंजाचा असतो. क्षारांमुळे नळाच्या पाण्यातून वीज वाहते, क्षार काढलेल्या पाण्यातून ती फारशी वाहत नाही, इतकेच. पाण्यातील ‘घाण’ म्हणून खपवला जाणारा हा प्रयोग शाळकरी रसायनशास्त्राचा आहे.

या भीतीइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण मीटरचे आहे. विजेचे देयक सदनिकेच्या नावे येते, म्हणून रिकाम्या खोलीतला पंखा बंद होतो. मुंबईत पाण्याचे मीटर बहुधा अख्ख्या इमारतीला एकच असते आणि देयक मासिक वर्गणीत विरून जाते. मोरीत गेलेल्या ६० लिटरांचा आकडा कोणाच्याच हाती पडत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणांनी तळ गाठल्याने मुंबईत आधी पाच आणि मग दहा टक्के पाणीकपात झाली, तेव्हाही ही नळी वाहतच होती.

काही घरांनी त्या नळीखाली बादली ठेवली आहे. धरणाचे पाणी मुळातच गोडे असल्याने या बादलीतील पाणी नळाच्या पाण्याहून थोडेसेच अधिक क्षारयुक्त असते. लादी पुसायला, कुंड्यांना, भांडी विसळायला ते बिनदिक्कत चालते. पण ज्या पाण्याने भांडी विसळायला हरकत नाही, ते फेकून देण्यासाठी यंत्र घेतले कशाला, हा प्रश्न बादलीने सुटत नाही.

प्रत्येक सदनिकेला पाणीमीटर लावा, असे सांगणे सोपे आहे. जुन्या इमारतींत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांना गच्चीवरून वेगवेगळ्या नळ्या उतरतात. एका घराला तीन-तीन मीटर बसवावे लागतील, आणि तो खर्च सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेणे हे चिटणिसाला टँकर मागवण्यापेक्षा कठीण जाते. टीडीएस मोजण्याचे खिशात मावणारे उपकरण मात्र काही शे रुपयांत मिळते. यंत्र घेण्याआधी ते एकदा नळाखालच्या पेल्यात बुडवायला सभेची मंजुरी लागत नाही.