पिशवीतल्या बेरजेचं काय?

परवा मंडईत गवार, फ्लॉवर आणि वांगी घेतली. सहज विचारलं, "मावशी, यावर औषध किती मारलेलं असतं हो?" त्या म्हणाल्या, "ते मारणाऱ्याला विचारा दादा, मी नुसती विकते." बरोबरच आहे त्यांचं. (गवारीचा भाव मात्र विचारू नका.)

भाजीतल्या कीटकनाशकाच्या अंशाची मर्यादा आपल्याकडे एकेका औषधाची ठरते. ठरलेलीच नसेल तर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतात. पण पिशवीत औषधं एकेकटी येत नाहीत ना! क्लोरपायरीफॉस आणि प्रोफेनोफॉस, नावं दोन, पण शरीरात दोन्ही एकाच एन्झाइमला अडवतात आणि नसांचं काम बिघडवतात. प्रत्येक मर्यादेच्या आत, पण बेरीज? अमेरिकेने अशा औषधांची बेरीज धरायला १९९६ च्या कायद्यानेच सांगितलंय.

हजारो रसायनांच्या सगळ्या जोड्या उंदरांवर तपासणं शक्यच नाही. इथे संगणक कामाला येतो. डोकं, खवले बघून सर्पमित्र साप विषारी आहे का सांगतो ना, तसा रेणूची रचना बघून, माहीत असलेल्या विषांशी ताडून संगणक अंदाज देतो. अमेरिकेत टॉक्सकास्टचं काम २००७ पासून चालू आहे. आणि पुण्यात काय कमी आहे? सी-डॅकने १९९१ ला परम ८००० इथेच बांधला, पाषाणला एनसीएल आहे, आयसरमध्ये परम ब्रह्मा आहे.

पण नुसत्या यंत्राने भागत नाही. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना वीसहून जास्त माणसं गेली. कापूस डोक्याएवढा वाढलेला, दोन-तीन औषधं एकाच पंपात, तोंडाला साधा रुमाल. यातलं काहीही रेणूच्या रचनेत दिसत नाही. कोणी तरी शेतात जाऊन लिहून आणल्याशिवाय संगणकाला ते कळणार कसं? त्यामुळे "कॉम्प्युटरने सुरक्षित म्हटलं" एवढ्यावर कुठल्याही औषधाला परवाना मिळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. धोका दिसला तर थांबवायला तो अंदाज पुरे, मोकळीक द्यायला नाही.

माझी मागणी साधी आहे. मंडईतल्या भाजीचे नमुने घ्या, एका नमुन्यात किती औषधं एकत्र सापडली ते छापा, आणि तो आकडा पाषाणला पाठवा. एक प्रत मंडईच्या दारावर लावा, मराठीत. मावशींनाही वाचता येईल.