पत्ते, कॅमेरा आणि पगार

माझ्या एका मित्राला नोकरी सोडायची आहे. तशी दर अप्रेझलनंतर आमच्यात प्रत्येकालाच सोडायची असते, पण हा पठ्ठ्या सिरियस आहे. त्याला पोकर खेळायचंय, पोटापाण्यासाठी! गेल्या शनिवारी रात्री त्याने मला समोर बसवून डॅनियल नेग्रानूचे व्हिडिओ दाखवले. "बघ, याला म्हणतात लाइफ." मी बघितले. पण मला त्यात भलतंच काहीतरी दिसलं, म्हणून हा प्रपंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नेग्रानू मूळचा टोरांटोचा, रोमानियातून कॅनडात आलेल्या आईवडिलांचा मुलगा. लास व्हेगासला दर उन्हाळ्यात वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर भरते. तिथे जिंकणाऱ्याला कप नाही, ब्रेसलेट देतात. त्याने पहिलं मिळवलं १९९८ मध्ये आणि सातवं २०२४ मध्ये. सहावं मिळालं होतं २०१३ ला. म्हणजे मध्ये अकरा वर्षं गेली! आमच्याकडे अकरा महिने बेंचवर बसलं की एचआरचा फोन येतो :)

आता पैशांचं बघू. पेपरात येतो तो आकडा बक्षिसाचा असतो, कमाईचा नव्हे. मित्राचा सगळा घोळ इथेच आहे. प्रत्येक टूर्नामेंटला प्रवेश फी असते, ती खिशातून जाते, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये साधारण १५ टक्के लोकांनाच काहीतरी परत मिळतं. बाकीचे हात हलवत घरी. शिवाय बरेच खेळाडू स्वतःचे हिस्से आधीच दुसऱ्यांना विकून बसतात, त्यामुळे टीव्हीवर दिसणारा चेक सगळा त्यांचा नसतोच. नेग्रानूने २०१७ चा हिशोब स्वतःच जाहीर केला होता. बक्षिसं सुमारे २८ लाख डॉलर. फी त्याहून जास्त. वर्षाअखेर तोटा ८६ हजार डॉलरचा!

मी मित्राला म्हटलं, "अरे, तो त्या वर्षी हरलाय." तर म्हणतो, "पण घर तर चाललं ना?"

बरोबर. चाललं. पण फक्त पत्त्यांवर नाही. २००७ पासून २०१९ पर्यंत तो पोकरस्टार्सचा चेहरा होता, त्याच वर्षी जीजीपोकरचा झाला. ऑनलाइन शिकवणी वर्ग, टीव्हीवरचे सामने हे वेगळंच. आणि वर्ल्ड सिरीजच्या दिवसांत रोजचा व्हीलॉग. दुपारी खेळायला बसायचं, रात्री उशिरा उठायचं, आणि मधल्या ब्रेकमध्ये कॅमेऱ्याकडे बघून सांगायचं की आत्ता आपण कसे हरलो. २०२२ मध्ये एकदा हरल्यावर त्याने सेल्फी स्टिकच आपटून मोडली. आणि गंमत म्हणजे तेही व्हिडिओत आलं! प्रॉडक्शनला सर्व्हर पडल्यावर आम्ही कीबोर्ड आपटतो, पण त्याचं शूटिंग क्लायंटला पाठवत नाही.

लोक म्हणतात, हा आता खेळाडू कमी आणि जाहिरात जास्त. मला हे पटत नाही. पत्ते हे त्याचं व्हेरिएबल आहे आणि कॅमेरा फिक्स्ड. ज्या खेळात उत्तम खेळूनही अख्खं वर्ष तोट्यात जातं, तिथे फिक्स्ड मिळवणं हे काही भागूबाईपणाचं लक्षण नाही.

मला खटकतं ते वेगळंच. हा फिक्स्ड येतो कुठून? ऑनलाइन कंपनी पैशाच्या प्रत्येक डावातून किंवा फीमधून आपला कट घेते. जितके नवे भिडू, तितका कट. २००३ मध्ये क्रिस मनीमेकर नावाचा (खरंच हेच आडनाव!) टेनेसीचा अकाउंटंट ऑनलाइन ८६ डॉलरच्या पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्या वर्षी ८३९ खेळाडू होते. २००६ मध्ये ८,७७३! तेव्हापासून कंपन्या जी गोष्ट विकतात ती हीच: तुम्हीही जिंकू शकता. ब्रँड ॲम्बॅसडर म्हणजे त्या गोष्टीचा चालताबोलता पुरावा. माझ्या मित्रासारखे लोक हे त्याचं गिऱ्हाईक, आणि शेवटी तेच त्याचा पगार.

बरं, हा फिक्स्डही तसा फिक्स्ड नाही. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट वगैरे साइट्सवर कारवाई केली आणि टीव्हीवरचा जाहिरातींचा पूर एका झटक्यात ओसरला. कितीतरी जणांच्या शर्टावरचे लोगो गेले. नेग्रानू टिकला, पण तो अपवाद. आपल्याकडे तर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यांच्या जाहिरातींसकट. म्हणजे मित्राला हा दुसरा पगार मिळायची सोयच उरली नाही. तो आता गोव्याच्या कॅसिनोंबद्दल बोलतोय. असो.

आणखी एक. २०२४ मध्ये वर्ल्ड सिरीजच विकली गेली, ५० कोटी डॉलरला. घेणारी कंपनी जीजीपोकरचीच मालक. म्हणजे आता नेग्रानू ज्या मांडवात खेळतो, त्या मांडवाच्या मालकाचाच तो माणूस. यात फसवाफसवी आहे असं मी म्हणत नाही, पत्ते सगळ्यांना सारखेच वाटले जातात. पण उद्या फी वाढली, वेळापत्रक गंडलं, तर हा तोंड उघडेल का?

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. आपला तोटा आकड्यांसह सांगणं हे त्याच्या मालकांच्या धंद्याला काही फारसं सोयीचं नाही, तरी तो ते करतो. मी मित्राला तो हिशोब पुन्हा उघडून दाखवला. त्याने नीट वाचला, वरखाली स्क्रोल केलं, आणि विचारलं, "यात स्पॉन्सरचे पैसे कुठल्या कॉलममध्ये आहेत?"

तो कॉलम त्यात नाहीये.