आतला रंग

व्यापारी घरातील माणूस खरेदीत सहसा फसत नाही. तो फसतो ते ज्या बाजाराची भाषा त्याला येत नाही, तेथे. संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार हा असाच एक अनोळखी बाजार आहे. तयार संगणक घ्यावयाचा तर सौदा एकच असतो. परंतु भाग निवडून, घरी जोडून, खेळांसाठी संगणक उभा करावयाचा तर एका सौद्याचे दहा सौदे होतात. प्रत्येक सौद्यात विकणारा जाणता असतो आणि घेणारा नवखा.

२०२४ च्या उन्हाळ्यात सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद-व्यापाऱ्याच्या घरी हा प्रश्न उभा राहिला. मुलगा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. वडिलांनी पूर्वी दिलेला शब्द पाळला. मात्र दोन अटी घातल्या. खर्च पंच्याहत्तर हजारांच्या वर एक रुपयाही जाणार नाही, आणि यादी लिहून दाखविल्याखेरीज रक्कम मिळणार नाही.

मुलाने दोन रात्री जागून यादी केली. आठ गाभ्यांचा प्रोसेसर वीस हजारांचा, मदरबोर्ड बारा हजारांचा, पाण्यावर चालणारा कूलर सात हजारांचा, काचेचे व रंगीत दिव्यांचे कॅबिनेट साडेसात हजारांचे, दिव्यांचीच रॅम साडेपाच हजारांची, ग्राफिक्स कार्ड पंधरा हजारांचे, एसएसडी साडेतीन हजारांची, कीबोर्ड आणि माऊस मिळून तीन हजार, आणि पॉवर सप्लाय दीड हजाराचा. बेरीज बरोबर पंच्याहत्तर हजार. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणजे काय, ते त्या यादीकडे पाहून कोणालाही समजले असते.

वडिलांना यादीतील एकाही वस्तूचे नाव ओळखीचे नव्हते. पण आकडे वाचण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांची नजर सर्वांत लहान आकड्यावर थांबली.

“हा दीड हजाराचा पॉवर सप्लाय काय करतो?”

“घरातली वीज घेऊन बाकी सगळ्या भागांना वाटतो, पप्पा.”

“म्हणजे त्र्याहत्तर हजार पाचशेचा माल ज्या गाडीत भरायचा, ती गाडीच सगळ्यांत स्वस्त?”

“तो आत असतो. दिसत नाही कुणाला.”

वडिलांनी यादी परत दिली. “हळकुंड वरून सगळेच पिवळे असते. आम्ही मोडून आतला रंग बघतो, मग भाव बोलतो. जा, आतला रंग बघून ये.”

मुलाने पुढचे चार दिवस तेच केले. आणि त्याला जे उमगले, ते असा संगणक प्रथमच उभारणाऱ्या प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे.

पॉवर सप्लाय घरातील २३० व्होल्टची वीज घेतो आणि तिचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या स्थिर प्रवाहात रूपांतर करतो. हलक्या प्रतीच्या सप्लायवर छापलेले वॅट प्रत्यक्षात मिळतीलच असे नसते, आणि दाब अचानक वाढला किंवा कोठे शॉर्ट झाले तर वीज तोडणारी संरक्षक व्यवस्थाही त्यात अनेकदा अपुरी असते. असा सप्लाय जळतो तेव्हा कधीकधी मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डही सोबत घेऊन जातो. ‘८० प्लस ब्राँझ’ या शिक्क्याचा अर्थ, निम्म्या भारावर सुमारे ८५ टक्के वीज कामी येते, एवढाच. तो कार्यक्षमतेचा दाखला आहे, सुरक्षिततेचा नव्हे. म्हणून शिक्क्याबरोबर कंपनीचे नाव आणि वॉरंटीची वर्षेही पाहावी लागतात.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत होती. यादीची सुरुवात प्रोसेसरपासून करावयाचीच नसते. ती पडद्यापासून करावयाची असते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या साध्या पडद्यावर एका चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके रंगवावे लागतात. फोर-के पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट. पडदा जितका बारीक, तितके कार्ड महाग. शिवाय पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, हेही ठरवावे लागते. कार्यालयातील नेहमीचा पडदा ६० वेळा बदलतो. खेळांसाठीचा १४४ वेळा किंवा त्याहून अधिक. पहिल्या यादीत पडदाच नव्हता. पेढीवरचा जुना पडदा लावण्याचा विचार होता. म्हणजे यंत्राने सेकंदाला शंभर चित्रे तयार केली तरी दिसली असती ती साठच.

पडदा ठरला की ग्राफिक्स कार्ड ठरते, आणि त्याच्या जोडीला शोभेल एवढाच प्रोसेसर. खेळात प्रोसेसर प्रत्येक चित्राची जुळवाजुळव करतो आणि कार्ड ते रंगविते. गिरणी दर ताशी दहा पोती दळणारी आणि चाळणी चार पोत्यांची असेल, तर पीठ चारच पोत्यांचे निघते. वीस हजारांचा प्रोसेसर आणि पंधरा हजारांचे कार्ड ही जोडी तशीच होती. खेळासाठीच्या संगणकात एकट्या कार्डावर एकूण रकमेचा चौथा ते तिसरा हिस्सा खर्च होणे योग्य समजले जाते.

दुसऱ्या यादीत मुलाने सहा गाभ्यांचा रायझेन ५ ५६०० हा प्रोसेसर घेतला, साडेअकरा हजार. तो ६५ वॅटचा असून त्याच्या खोक्यातच कंपनीचा साधा कूलर येतो, त्यामुळे पाण्याच्या कूलरचे सात हजार आपोआप वाचले. कार्ड आले आरएक्स ६६००, आठ जीबी स्मृतीचे, १३२ वॅटचे, साडेवीस हजार. दोघांचे मिळून १९७ वॅट आणि इतर भागांचे पन्नासएक धरले तरी गरज अडीचशेच्या घरात जाते. म्हणून ५५० वॅटचा चांगल्या प्रतीचा सप्लाय चार हजारांत पुरेसा होता, आणि पुढे मोठे कार्ड घेण्यास जागाही राहत होती. रॅम सोळा जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन, कारण दोन पट्ट्या असल्या की माहितीला दोन वाटा मिळतात. कॅबिनेट बत्तीसशेचे, पत्र्याचे, पुढे जाळी असलेले. हवा काचेतून जात नाही, जाळीतून जाते. पडदा चोवीस इंची, १४४ चा, साडेनऊ हजार.

येथे एक वाद झाला. हा प्रोसेसर ज्या एएम४ सॉकेटमध्ये बसतो, ते सॉकेट रायझेन मालिकेबरोबर २०१७ मध्ये रुळले; २०२२ मध्ये एएम५ हे नवे सॉकेट आले. एएम५ घेतले तर पुढील प्रोसेसर त्याच मदरबोर्डवर बसविता येतो. पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि बोर्डही महाग. मुलाचे मित्र ‘पुढचा विचार कर’ म्हणत होते. त्याने पुढचा विचार केला तो असा की, नव्या सॉकेटसाठी लागणारे जास्तीचे हजारो रुपये कार्डातून काढावे लागले असते आणि खेळ आजच मंद चालला असता. उद्याच्या भरवशावर आजचे भांडवल अडकवू नये, हे त्या घरात त्याला कोणी वेगळे शिकविण्याची गरज नव्हती.

बेरीज करताना आणखी दोन न दिसणारे खर्च समोर आले. सांगलीत पावसाळ्यात वीज वारंवार जाते, म्हणून यूपीएस. आणि विंडोजचा परवाना. मित्राने सुचविले की काही शे रुपयांत ‘की’ मिळते. ती कोठून येते, हे कोणी सांगू शकत नव्हते. वडिलांनी एवढेच विचारले, “ज्या मालाचा मालक कोण ते ठाऊक नाही, तो आपण यार्डात घेतो का?” मग एसएसडी एक टीबीऐवजी पाचशे जीबीची झाली, कीबोर्ड पेढीवरचा जुना ठरला, आणि अस्सल परवाना यादीत बसला. एसएसडी पुढे दुसरी जोडता येते. मदरबोर्डवर जागा आहे याची मुलाने आधी खात्री करून घेतली.

खरेदीसाठी दोघे महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईस गेले. ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही संगणकाच्या भागांची जुनी पेठ. एका दुकानात मोठे कार्ड निम्म्या किमतीत पुढे करण्यात आले, वापरलेले, बिलाशिवाय. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची ग्राफिक्स कार्डांवरील खाणकाम-पद्धत बंद झाली, तेव्हा रात्रंदिवस राबविलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतील सगळीच वाईट नसतात. पण वरून पाहून चांगले-वाईट कळत नाही, आणि बिल नसल्यास वॉरंटी मागता येत नाही. दुसरीकडे ‘कच्चे बिल चालेल का, भाव कमी करतो’ असा प्रश्न आला. मुलानेच नको म्हटले. त्याने प्रत्येक भागाचा अनुक्रमांक पक्क्या बिलावर लिहून घेतला, आणि बोर्डातील बायोस या प्रोसेसरसाठी अद्ययावत आहे ना, हेही दुकानदाराकडून वदवून घेतले. एकूण रक्कम झाली ७४,६०० रुपये.

तेव्हा दुकानदाराने सहज विचारले, “बिल कोणाच्या नावाने? पेढीचा जीएसटी नंबर टाकू का?”

प्रश्न साधा होता. त्यामागचा आकडा साधा नव्हता. १८ टक्के दराने त्या रकमेत सुमारे ११,३८० रुपये कराचे होते. पेढीच्या नावाने बिल झाले असते तर तेवढी कर-वजावट हिशेबात घेता आली असती, आणि त्यातून आणखी एक पायरी वरचे कार्ड आले असते. मुलाला तो हिशेब तोंडपाठ होता. परंतु कायद्याप्रमाणे ही वजावट व्यवसायासाठी वापरलेल्या वस्तूंवरच मिळते. घरातील खेळासाठीच्या यंत्रावर नव्हे.

वडील क्षणभर थांबले. मुलगा हळूच म्हणाला, “फ्रीजच्या वेळी दिला होता ना, पप्पा?”

आदल्या वर्षी घरचा फ्रीज पेढीच्या नावावर आला होता, हे खरे होते. आजवर मुलाला हिशेब शिकविणाऱ्या वडिलांना त्या वाक्याचे उत्तर सुचले नाही. त्यांनी दुकानदाराला सांगितले, “बिल याच्या नावाने करा. नंबर नको.”

संगणक घरी जेवणाच्या टेबलावर जोडला गेला. मुलाने प्रत्येक वेळी आधी धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरविली, बोर्डाखालचे पितळी आधार मोजले, प्रोसेसरचा सोनेरी त्रिकोण खुणेशी जुळविला. रात्री साडेअकराला बटण दाबले. पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. अर्धा तास घरात कोणी बोलले नाही. आण्णा, म्हणजे आजोबा, जागेच होते. शेवटी चूक सापडली: पडद्याची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडली होती, आणि या प्रोसेसरला स्वतःचे चित्र काढताच येत नाही. केबल बदलली, पडदा उजळला. विंडोज बसविल्यानंतरही पडदा ६० वरच चालत होता. तो सेटिंगमध्ये जाऊन १४४ वर न्यावा लागतो. रॅमचा खरा वेगही बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्यावरच मिळाला. पैसे मोजून घेतलेली गोष्ट चालू करून घ्यावी लागते, हे अनेकांच्या ध्यानात महिनोन् महिने येत नाही.

ती यादी आज जशीच्या तशी कोणाच्या उपयोगी पडणार नाही. या बाजारातील भाव सतत हलतात. २०२५ च्या अखेरीस तर रॅमचे दर झपाट्याने चढले. क्रम मात्र बदलत नाही. आधी पडदा, मग कार्ड, मग त्याला साजेसा प्रोसेसर, सप्लायमध्ये काटकसर नाही, परवाना आणि यूपीएस पहिल्याच बेरजेत, बिल पक्के. दिवे शेवटी, पैसे उरले तर.

सोमवारी वडिलांनी पेढीवर जाताच दिवाणजींना बोलाविले आणि फ्रीजवर घेतलेली वजावट व्याजासह उलटवून भरावयास सांगितले. रक्कम मोठी नव्हती. नोंद त्यांनी मुलाकडून करवून घेतली. त्याने कारणाच्या रकान्यात काय लिहावे, असे विचारले.

“जे आहे ते,” वडील म्हणाले.